इंजिनमध्ये ओलावा साचला आहे का? निदान व उपाय

पावसाळा उतरून थंडी लागली की वर्धा जिल्ह्यातील गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास ऐकू येते. गाडीचे इंजिन ऑईल तपासायला म्हणून तेल भरण्याचे झाकण उघडावे, तर झाकणाच्या आतल्या बाजूस पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर चिकटलेला दिसतो. मालकाच्या पोटात गोळा येतो. जवळ उभा असलेला एखादा जाणकार लगेच सांगतो, “गॅस्केट गेलं, हेड खोलावं लागते.” दुसरा सांगतो, “काही होत नाही, फडक्याने पुसून टाका.” दोघांचेही म्हणणे बरोबर असू शकते आणि दोघांचेही चूक असू शकते. पहिल्याचे ऐकून विनाकारण हेड उतरविले तर हजारो रुपये जातात. दुसऱ्याचे ऐकून गळके गॅस्केट तसेच ठेवले तर ऐन कापूस वेचणीत किंवा तूर बाजारात नेण्याच्या दिवसांत इंजिन जाम होते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो. म्हणून हा ओलावा येतो कोठून, त्याचे प्रकार कोणते व घरच्या घरी निदान कसे करावे, याची माहिती या लेखात दिली आहे. लेख मुख्यतः कार, जीप व पिकअपसाठी आहे. ट्रॅक्टरच्या बाबतीत काय वेगळे पाहावे तेही पुढे सांगितले आहे.

इंजिनमध्ये पाणी तयार कसे होते?

डिझेल काय किंवा पेट्रोल काय, दोन्हींमध्ये कार्बन व हायड्रोजन ही मूलद्रव्ये असतात. इंधन जळताना हायड्रोजनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पाणी तयार होते. एक लिटर डिझेल किंवा पेट्रोल जळले की साधारणपणे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. ऐकून आश्चर्य वाटेल, परंतु हे साधे रसायनशास्त्र आहे. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हे प्रमाण अधिक असते. एक किलो गॅस जळला की सुमारे सव्वादोन किलो पाणी तयार होते. थंडीत सकाळी गाडी सुरू केल्यावर सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते व पाण्याचे थेंब टपकतात, ते हेच पाणी होय.

यातील बहुतेक वाफ सायलेन्सरवाटे निघून जाते. मात्र पिस्टन व सिलिंडर यांच्यामधील रिंगांच्या फटीतून थोडा वायू खाली ऑईल चेंबरमध्ये उतरतो. नवीन इंजिनमध्येही हे थोड्या प्रमाणात घडतेच, जुन्या व झिजलेल्या इंजिनमध्ये अधिक घडते. या वायूबरोबर पाण्याची वाफही खाली जाते. ती बाहेर पडावी यासाठी इंजिनला ब्रीदरची नळी दिलेली असते. इंजिन व त्यातील तेल चांगले तापलेले असले तर वाफ वाफच राहते आणि ब्रीदरमधून निघून जाते. इंजिन थंड असले तर तीच वाफ गार लोखंडाला लागून पाणी होते. चुलीवरच्या भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवले की झाकणाच्या आत थेंब जमतात, किंवा कार्तिकात पहाटे कपाशीच्या पानांवर दव पडते, तोच हा प्रकार आहे. इंजिनमध्ये सर्वांत वर, वारा लागणारी व म्हणून सर्वांत गार जागा म्हणजे तेल भरण्याचे झाकण व टॅपेट कव्हर. त्यामुळे पहिला थर तेथेच दिसतो.

जमलेले पाणी व तेल इंजिनमध्ये घुसळले जाते. रवीने ताक घुसळावे तसे होऊन त्याचा दुधी कॉफीच्या रंगाचा घट्ट लगदा बनतो.

थोडे अंतर, जास्त ओलावा

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. डॅशबोर्डवरील तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिनमधील पाणी तापले, तेल नव्हे. तेलाला तापायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो. तेलात आलेले पाणी उडून जाण्यासाठी गाडी पूर्ण तापल्यावर पुढे आणखी वीस ते तीस मिनिटे सलग चालावी लागते.

आता आपल्याकडील वापर पाहा. सेवाग्राम ते वर्धा हे अंतर सुमारे ८ किलोमीटर आहे. सकाळी घरून शेतात दोन-तीन किलोमीटर, तेथून परत घरी, दुपारी वर्ध्याला खत-बियाण्याच्या दुकानात किंवा बाजार समितीत, कोणी आजारी असेल तर कस्तुरबा रुग्णालयात, संध्याकाळी पाहुण्यांना आणायला सेवाग्राम स्टेशनवर. दिवसभरात गाडी चार-पाच वेळा सुरू होते, पण एकदाही पूर्ण तापत नाही. समजा, अशा फेऱ्यांत दिवसाला एक लिटर इंधन जळले. त्यातून सुमारे एक लिटर पाणी तयार झाले. त्याचा शंभरावा भाग जरी रिंगांमधून खाली उतरला तरी ते १० मिलिलिटर होते आणि महिनाभरात ३०० मिलिलिटर, म्हणजे दीड पेला पाणी. गाडी नागपूरपर्यंत एकदा सलग चालवली की यातील बरेचसे पाणी उडून जाते. गाडी केवळ गावापुरती फिरत राहिली तर ते साचत जाते.

पाऊस व थंडी यांत हा प्रकार वाढतो. जुलै ते सप्टेंबर या काळात आपल्या भागात हवेत दमटपणा भरपूर असतो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान पुष्कळ खाली उतरते आणि इंजिन तापायला जास्त वेळ लागतो.

थर्मोस्टॅट काढण्याची घातक पद्धत

विदर्भातील उन्हाळ्याला भिऊन अनेक ठिकाणी मिस्त्री इंजिनमधील थर्मोस्टॅट काढून टाकतात. इंजिन गरम होऊ नये हा त्यामागील हेतू असतो. थर्मोस्टॅट ही एक झडप आहे. इंजिन थंड असताना ती बंद राहते व रेडिएटरकडे पाणी जाऊ देत नाही, त्यामुळे इंजिन लवकर तापते. साधारणपणे ८० ते ९० अंश सेल्सिअस तापमानाच्या दरम्यान ती उघडते. ती काढून टाकली की हिवाळ्यात इंजिन कधीच योग्य तापमानाला पोहोचत नाही. काटा कायम खाली राहतो, इंधन जास्त जळते आणि तेलात पाणी साचते. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट नसल्यामुळे पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरते आणि उन्हाळ्यात इंजिन उलट अधिक तापते. म्हणून थर्मोस्टॅट काढू नये. बिघडला असल्यास त्याच मापाचा नवीन बसवावा. गाडी जुनी घेतली असेल तर थर्मोस्टॅट जागेवर आहे की नाही हे आवर्जून पाहून घ्यावे.

किती ओलावा चालतो?

सोयाबीन साठवताना आपण दाण्यात १० टक्क्यांच्या आसपास ओलावा ठेवतो. विक्रीच्या कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा धरला जातो. इंजिन ऑईलच्या बाबतीत हिशेब फार वेगळा आहे. तेलात साधारणपणे ०.२ टक्के पाणी आढळले तरी ते तेल बदलण्याजोगे समजले जाते. पाच लिटर तेलात ०.२ टक्के म्हणजे केवळ १० मिलिलिटर, चहाचे दोन चमचे.

एवढे थोडे पाणी काय बिघडवते? क्रँकचा दांडा बेअरिंगमध्ये फिरतो तो तेलाच्या अत्यंत पातळ पापुद्र्यावर. त्या पापुद्र्यात पाणी आले की तो भार सहन करीत नाही आणि धातूवर धातू घासतो. शिवाय इंधन जळताना तयार होणारी आम्ले या पाण्यात मिसळून बेअरिंगला खड्डे पाडतात, लोखंडी भागांवर गंज धरतो. तेलातील संरक्षक रसायने लवकर संपतात. घट्ट लगदा ब्रीदरच्या नळीत अडकला तर आतील दाब वाढून ऑईल सील फुटतात व तेल गळू लागते.

पाणी दोन प्रकारचे

निदान करताना मूळ प्रश्न एकच असतो. हे पाणी वाफेतून जमलेले आहे की रेडिएटरकडून शिरलेले आहे? वाफेचे पाणी थोडे असते व वापराची पद्धत बदलली की जाते. रेडिएटरकडील पाणी इंजिनमध्ये शिरते ते हेड गॅस्केट जळाल्यामुळे, हेडला किंवा ब्लॉकला तडा गेल्यामुळे किंवा ऑईल कूलर फुटल्यामुळे. ते दररोज येत राहते व आपोआप कधीच थांबत नाही. त्यात कूलंट मिसळलेले असेल तर त्यातील ग्लायकॉल बेअरिंगला साध्या पाण्यापेक्षाही घातक ठरते.

हेडला तडा जाण्याचे एक नेहमीचे कारण आपल्याच हातून घडते. मे महिन्यात गाडी तापून उभी राहते आणि घाईने तिच्यावर किंवा रेडिएटरमध्ये गार पाणी ओतले जाते. तापलेले हेड एकदम आकुंचन पावते व वाकते किंवा तडकते. सुरुवातीला तडा बारीक असतो, गाडी चालत राहते. तेलातील पाणी दिसते ते काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. म्हणून निदान करताना मागील उन्हाळ्यात गाडी तापली होती का, हे आठवून पाहावे व मिस्त्रीला सांगावे.

घरच्या घरी करावयाच्या तपासण्या

पुढील सर्व तपासण्या सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू कराव्यात. गरम इंजिनच्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते, ते उसळून चेहरा व हात भाजतात.

१. झाकण व पट्टी यांची तुलना : तेलाचे झाकण उघडून पाहावे आणि लगेच तेलाची पट्टी काढून तिच्या खालच्या टोकाकडील तेल पाहावे. झाकणाला लगदा, पण पट्टीच्या टोकावरील तेल स्वच्छ तपकिरी किंवा काळे असेल तर वाफेच्या पाण्याची शक्यता जास्त. पट्टीच्या टोकावरचे तेलही दुधाळ असेल तर रेडिएटरचे पाणी शिरल्याचा संशय घ्यावा. पट्टीच्या वरच्या भागावर थोडा लगदा लागलेला असेल तर घाबरू नये, तो नळीच्या तोंडाशी जमलेल्या वाफेचा असतो.

२. तेलाची पातळी : पट्टीवरील तेलाची पातळी दर आठवड्याला वहीत लिहून ठेवावी. तेल न भरता पातळी वाढत असेल तर चेंबरमध्ये काहीतरी शिरत आहे हे निश्चित. ते पाणीच असेल असे मात्र नाही. तेल पातळ व काळे, डिझेलचा वास येणारे आणि दुधाळ नसलेले असेल तर त्यात डिझेल मिसळत आहे. बीएस-६ प्रकारच्या डिझेल गाड्या केवळ जवळच्या फेऱ्यांसाठी वापरल्या तर धुराच्या गाळणीची सफाई अर्धवट राहून तेलात डिझेल उतरते. त्याचा इलाज वेगळा आहे.

३. कूलंटची पातळी : कूलंटच्या डब्यावर पातळीच्या जागी बाहेरून चिकटपट्टी लावावी आणि आठ दिवस रोज सकाळी पाहावे. पातळी उतरत नसेल तर गॅस्केट फुटण्याची शक्यता फार कमी. पातळी उतरते आणि जमिनीवर, नळ्यांवर, रेडिएटरवर किंवा पाण्याच्या पंपाखाली कोठेही ओल दिसत नाही, म्हणजे पाणी आत जात आहे असे समजावे.

४. रेडिएटरमधील बुडबुडे : थंड इंजिनवर रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू करावी. सुरुवातीला अडकलेली हवा निघताना थोडे बुडबुडे येतात व थांबतात. बुडबुडे सतत येत राहिले व इंजिनचा वेग वाढवल्यावर वाढले, तर जळालेला वायू पाण्यात शिरत आहे. ही तपासणी दोन-तीन मिनिटांत आटोपून, पाणी तापण्यापूर्वीच झाकण लावावे. पाण्यावर तेलाचा तवंग दिसल्यास तेही गॅस्केटचे किंवा ऑईल कूलरचे लक्षण होय. नवीन गाड्यांत रेडिएटरला वेगळे झाकण नसते, तेथे कूलंटच्या डब्यातच पाहावे.

५. वरची रबरी नळी : थंड गाडी सुरू करून एक-दोन मिनिटांत रेडिएटरकडे जाणारी वरची नळी हाताने दाबून पाहावी. हात पंख्यापासून दूर ठेवावा. पाणी तापण्यापूर्वीच नळी दगडासारखी कडक झाली तर सिलिंडरमधील दाब पाण्यात जात आहे.

६. सायलेन्सरची वाफ : थंडीत पहिली पाच-दहा मिनिटे पांढरी वाफ निघणे स्वाभाविक आहे. इंजिन पूर्ण तापल्यावरही दाट पांढरा धूर निघत राहिला व त्याला गोडसर वास येत असेल तर कूलंट जळत आहे.

७. तापल्या तव्याची परीक्षा : एक जुना लोखंडी तवा चांगला तापवून आचेवरून खाली, मोकळ्या जागी ठेवावा. तेलाच्या पट्टीवरून एक थेंब त्यावर सोडावा. तेल शांतपणे पसरले व थोडा धूर निघाला तर पाणी नाही. फोडणीत मोहरी तडतडावी तसा आवाज झाला तर तेलात पाणी आहे. हजार भागांत एक भाग पाणी असले तरी थेंब तडतडतो. थेंबापेक्षा अधिक तेल घेऊ नये, चेहरा लांब ठेवावा, डोळ्यांना चष्मा असावा, मुलांना जवळ येऊ देऊ नये आणि तवा पेटत्या चुलीवर असताना तेल टाकू नये. हा तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये.

८. बाटलीची परीक्षा : तेल बदलायचेच असेल तेव्हा ही करावी. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी चेंबरचा नट हळूहळू ढिला करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने ते तळाशी बसते व मोकळे पाणी असल्यास आधी तेच येते. पहिले पावशेर तेल स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन एक दिवस स्थिर ठेवावे. तळाशी पाण्याचा थर दिसला तर पाणी भरपूर आहे. घुसळलेले पाणी लवकर वेगळे होत नाही. म्हणून थर दिसला नाही, पण तेल गढूळ राहिले, तरी ते पाणीयुक्तच समजावे.

९. लांब फेरीची परीक्षा : वरील तपासण्यांत रेडिएटरच्या पाण्याचा पुरावा न आढळल्यासच ही करावी. झाकण स्वच्छ पुसून घ्यावे आणि गाडी ४० ते ५० किलोमीटर सलग, बेताच्या वेगाने चालवावी. वर्ध्याहून हिंगणघाटची फेरी यासाठी पुरेशी आहे. परतल्यावर इंजिन थंड होऊ द्यावे व झाकण पाहावे. झाकण स्वच्छ राहिले आणि पुन्हा आठवडाभर जवळच्या फेऱ्या झाल्यावर लगदा आला, तर तो वाफेचाच आहे. लांब फेरीनंतरही लगदा तेवढाच किंवा जास्त असेल तर गॅरेज गाठावे.

लक्षणांवरून निष्कर्ष

एका लक्षणावरून निष्कर्ष काढू नये, दोन-तीन लक्षणांचा मेळ घालावा.

• झाकणाला लगदा, पट्टीचे टोक स्वच्छ, कूलंटची पातळी स्थिर, गाडीचा वापर जवळच्या फेऱ्यांचा : वाफेचे पाणी. हेड खोलण्याची गरज नाही.

• पट्टीवरील तेल दुधाळ, तेलाची पातळी वाढलेली, कूलंट कमी होत आहे : गॅस्केट, तडा किंवा ऑईल कूलर. गाडी त्याच क्षणी बंद ठेवावी.

• तेल स्वच्छ, परंतु कूलंट कमी होते, गरम इंजिनचाही पांढरा धूर, नळी कडक : गॅस्केट सिलिंडरच्या बाजूला जळाले आहे. पाणी तेलात न जाता सिलिंडरमध्ये जळत आहे. तेल स्वच्छ आहे म्हणून गाफील राहू नये.

• लगदा आहे, कूलंट स्थिर, तापमानाचा काटा नेहमी खाली : थर्मोस्टॅट काढलेला आहे किंवा उघडाच अडकला आहे.

• लगदा आहे, कूलंट स्थिर, झाकण उघडताच आतून वायूचा जोरदार फवारा, तेल गळती : ब्रीदर तुंबला आहे किंवा रिंगा झिजल्या आहेत.

गॅरेजमध्ये काय मागावे?

रेडिएटरचे पाणी शिरल्याचा संशय आला तरी हेड उतरविण्यापूर्वी तीन तपासण्या करून घ्याव्यात. पहिली, कूलिंग सिस्टिमची दाब तपासणी. हातपंपाने रेडिएटरमध्ये हवेचा दाब देऊन तो टिकतो की उतरतो हे पाहतात. दुसरी, प्रत्येक सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजणे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरचा दाब कमी आला तर त्यांच्यामधील गॅस्केट गेल्याची दाट शक्यता असते. तिसरी, रेडिएटरमधील हवा रंगीत द्रावणातून ओढणे. जळालेला वायू असल्यास द्रावणाचा रंग बदलतो. या तपासण्यांचा खर्च हेड खोलण्याच्या मानाने अगदी थोडा आहे. हेड उतरवावेच लागले तर नुसते गॅस्केट बदलून बसवू नये. हेड सपाट आहे का ते पट्टीने तपासून घ्यावे, तड्याची तपासणी करावी, वाकले असल्यास फेसिंग करावे आणि बोल्ट कंपनीने सांगितलेल्या क्रमाने व ताकदीने टॉर्क पान्यानेच आवळून घ्यावेत.

निदान झाल्यावर उपाय

वाफेचे पाणी असल्यास तेल व फिल्टर बदलावे, झाकण व ब्रीदरची नळी स्वच्छ करावी आणि आठवड्यातून एकदा तरी गाडी अर्धा ते पाऊण तास सलग चालवावी. काही जण गाडी अंगणात उभ्या उभ्या वीस मिनिटे सुरू ठेवतात. त्याने फायदा होत नाही. बिनभाराचे इंजिन, विशेषतः डिझेलचे, पुरेसे तापत नाही व उलट आणखी वाफ तयार करते.

रेडिएटरचे पाणी तेलात आले असल्यास गाडी ओढून न्यावी, चालवत नेऊ नये. दुरुस्तीनंतर नवीन तेल व फिल्टर टाकून थोडी चालवावी आणि ते तेल पुन्हा लगेच बदलावे, कारण तेलवाहिन्यांत जुना लगदा शिल्लक राहतो. चेंबर धुण्यासाठी पाणी मुळीच वापरू नये.

काढलेले तेल नाल्यात, विहिरीजवळ किंवा धुऱ्यावर ओतू नये. कूलंटबाबत विशेष काळजी घ्यावी. त्यातील इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड व अत्यंत विषारी असते. अंगणात सांडलेले कूलंट वासरे, शेळ्या व कुत्री चाटतात आणि दगावतात. सांडल्यास लगेच माती टाकून, ती माती उचलून जनावरांपासून दूर टाकावी व जागा भरपूर पाण्याने धुवावी.

रपट्यावरील पुराचे पाणी

पावसाळ्यात नाल्यावरील रपट्यावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नये. जीव धोक्यात येतोच, शिवाय एअर फिल्टरमधून पाणी थेट सिलिंडरमध्ये शिरू शकते. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी पाण्यात बंद पडल्यास पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. ढकलून बाहेर काढावी, एअर फिल्टर ओला आहे का ते पाहावे आणि ओला असल्यास मिस्त्रीकडून सिलिंडरमधील पाणी काढून, तेल बदलूनच सुरू करावी. गाडी धुताना दाबाचे पाणी तेलाच्या झाकणावर व पट्टीच्या नळीवर मारू नये.

ट्रॅक्टरबाबत विशेष

अनेक ट्रॅक्टरमध्ये लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरते आणि लायनरच्या तळाशी रबरी रिंगा बसविलेल्या असतात. या रिंगा जुन्या झाल्या की पाणी सरळ चेंबरमध्ये उतरते. हेड गॅस्केट चांगले असूनही तेल दुधाळ होते. म्हणून ट्रॅक्टरचे तेल दुधाळ झाल्यास लायनरच्या रिंगाही तपासायला सांगाव्यात. रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा बोअरचे क्षारयुक्त पाणी भरल्याने लायनर बाहेरून गंजतो व क्षारांचा थर बसतो. कूलंट व डिस्टिल्ड वॉटर यांचे कंपनीने सांगितलेले मिश्रणच वापरावे. नांगरटीनंतर ट्रॅक्टर महिनोन्महिने उभा राहणार असेल तर जुने तेल तसेच ठेवू नये. तेल बदलून, इंजिन एकदा पूर्ण तापवून मगच छपराखाली ठेवावा.

ठेवावयाची काळजी

• तेल केवळ किलोमीटर पाहून बदलू नये. गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा, आणि जवळच्याच फेऱ्या असल्यास सहा महिन्यांनी बदलावे.

• पावसाळ्यात इंधनाची टाकी शक्यतो भरलेली ठेवावी. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरून पाणी जमते. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल तर पाणी ओढून घेते.

• डिझेल फिल्टरखालील नळातून साचलेले पाणी वेळोवेळी सोडावे.

• गाडी उघड्यावर न ठेवता छपराखाली ठेवावी. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नये, आत घाम धरतो.

• जवळची चार कामे चार वेळा करण्याऐवजी एकाच फेरीत करावीत. शेतापर्यंतच्या एक-दोन किलोमीटरसाठी पायी किंवा सायकलने जाणे इंजिनच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

• जुनी गाडी विकत घेताना थंड इंजिनवरच झाकण, पट्टी व कूलंट पाहावे. विकणाऱ्याने गाडी आधीच तापवून व झाकण पुसून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा यावे.

पिकावर डाग दिसताच आपण थेट फवारणी करीत नाही. तो रोगाचा आहे, किडीचा आहे की अन्नद्रव्याच्या कमतरतेचा, हे आधी पाहतो. इंजिनच्या झाकणावरील लगद्याबाबतही हाच क्रम ठेवावा. एक चिकटपट्टी, एक वही आणि आठ दिवसांच्या सकाळी एवढ्यावर बहुतेक वेळा उत्तर मिळते. ते मिळाल्यावरच पान्याला हात घालावा.